नोंदीची ओळख कोणत्या क्रमांकाने ठरावी?

ग्रंथालयात एका ग्रंथाच्या पाच प्रती आल्या, तर दाखल नोंदवहीत पाच क्रमांक पडतात. ग्रंथ मात्र एकच राहतो. संगणकावरील माहितीसंग्रहातही हाच भेद पाळलेला असतो. ग्रंथांचा तक्ता वेगळा, प्रतींचा वेगळा. आणि प्रत्येक प्रतीपुढे ती ज्या ग्रंथाची, त्याचा क्रमांक. परस्परांशी जोडता येणाऱ्या अशा तक्त्यांची शास्त्रीय उपपत्ती एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली.

शोधासाठी सूची करताना हे दोन तक्ते जोडले, की त्या एका ग्रंथाच्या पाच ओळी होतात. सूचीतील प्रत्येक नोंदीस अनन्य असा ओळखक्रमांक हवा असतो. तो कोणता द्यावा, हा प्रश्न किरकोळ समजून पुष्कळदा घाईने सोडविला जातो. हे योग्य नव्हे.

ग्रंथक्रमांकच ओळख म्हणून दिला तर काय होते? 'सोलर' या शोधप्रणालीत आधीच असलेल्या क्रमांकाची नोंद पुन्हा आली, की सामान्यतः जुनी नोंद जाऊन तिच्या जागी नवी येते. म्हणजे पाच ओळींपैकी शेवटची तेवढी उरते. चूक झाल्याची सूचना कोणी देत नाही. शाखेतील कपाटावर ग्रंथ असतो आणि 'येथे उपलब्ध नाही' असे ऐकून वाचक परत फिरतो.

उलट, प्रतीचा दाखल क्रमांक घेतला तर काहीच गळत नाही. परंतु एकच ग्रंथ पाच वेळा समोर येतो. प्रत्येक खेपेस नवा यादृच्छिक क्रमांक द्यावा, तर पुढच्या सूचीकरणात जुन्या नोंदी तशाच राहून नव्यांची भर पडते. आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांकही येथे पुरेसा नाही. तो आवृत्तीची ओळख देतो, प्रतीची नव्हे. आणि जुन्या ग्रंथांवर तो नसतोच.

प्रत्येक ग्रंथाच्या प्रतींना १, २, ३ असे क्रमांक असतील, तर दोन्ही क्रमांक मिळून ओळख करावी लागते. मात्र मध्ये विभाजक चिन्ह हवे. नाहीतर १२व्या ग्रंथाची ३री प्रत आणि १ल्या ग्रंथाची २३वी प्रत, या दोघींचीही ओळख १२३ अशीच होईल. शिवाय ज्या ग्रंथाची एकही प्रत अद्याप आलेली नाही, त्याच्या ओळीत प्रतीचा रकाना रिकामा राहतो. त्याची व्यवस्थाही आधीच ठरविली पाहिजे.

तथापि मूळ प्रश्न निराळाच आहे: शोधणाऱ्यास काय हवे आहे? वाचक ग्रंथ शोधतो. म्हणून त्याच्या सूचीत एका ग्रंथाची एकच नोंद असावी, ओळख ग्रंथक्रमांकाने व्हावी आणि सर्व प्रती व त्यांच्या शाखा त्याच नोंदीत एकत्र असाव्यात. साठ्याची मोजदाद करणारा कर्मचारी प्रत शोधतो. त्याच्यासाठी प्रतींची सूची वेगळी करावी. एकाच सूचीने दोन्ही कामे उरकण्याचा हट्ट धरू नये.

वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे तत्त्व डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत सांगितले होते. संगणक आला म्हणून ते जुने झालेले नाही. ओळखक्रमांकाची निवड करणाऱ्याने तक्त्याच्या आधी वाचकाकडे पाहावे, हेच श्रेयस्कर होय.