मूल चुकलं की प्रश्न?

गोट्यांच्या दोन ओळी, समोरासमोर, सारख्याच संख्येच्या. पाच वर्षांचं मूल सांगतं, "दोन्हीकडे सारख्या." मग मोठा माणूस त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ ताणून लांब करतो आणि पुन्हा तेच विचारतो. आता मूल लांब ओळीकडे बोट दाखवतं. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या या प्रयोगाचं तात्पर्य आपल्या अध्यापक विद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आलं आहे: मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते, हे साधारण सात वर्षांपर्यंत मुलाला उमगत नाही.

मला हे मान्य नाही. आपल्या कुठल्याही वर्गात बाईंनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, की पोरं लगेच उत्तर बदलतात. पहिलं चुकलं असणार, नाहीतर बाई पुन्हा कशाला विचारतील? त्यात मोठ्या माणसाने मुद्दाम ओळ हलवली, म्हणजे तो त्या बदलाबद्दलच विचारत असणार. मूल इथे गोट्यांबरोबर माणसाचं मनही वाचत असतं.

हा नुसता तर्क नाही. १९७०च्या दशकात एडिंबरोत मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी ओळ विस्कटण्याचं काम एका खोडकर टेडी अस्वलाकडे दिलं. अस्वल खोक्यातून येऊन खेळ बिघडवतं, असा बनाव. मोठ्या माणसाने ओळ हलवली तेव्हा चार ते सहा वर्षांच्या ८० मुलांपैकी १३ जणांची उत्तरं बरोबर आली. अस्वलाने हलवली तेव्हा ५० जणांची.

पियाजेंच्या बाजूने एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: अस्वलाच्या गमतीत मुलांचं ओळीकडे लक्षच नसेल, म्हणून ती "सारख्या" म्हणाली असतील. नंतरच्या काही प्रयोगांनी या शंकेला बळही दिलं. तेव्हा ५० हा आकडा मुलांच्या समजेचं अचूक माप आहे, असं मी म्हणणार नाही. पण मग १३ हा आकडा तरी ते माप कसा ठरतो? प्रसंग बदलला की उत्तर इतकं बदलत असेल, तर एका उत्तरावरून मुलाच्या बुद्धीला कुंपण घालता येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि आक्षेप खरा धरला तरी ते टिकतं.

यातून कोणी उलटं टोक गाठू नये. मुलाला कळतं, तर तिसऱ्या वर्षीच बेरजा घोटवा, असं म्हणणारे पालक आणि त्यांना खूश करणाऱ्या नर्सऱ्या गल्लोगल्ली आहेत. मुलं अस्वलापाशी विचार करू शकली, कारण काय चाललंय ते त्यांना समजत होतं. वहीतल्या बेरजेत त्या वयाला तसं समजण्याजोगं काय असतं?

पियाजेंचं ऋण मात्र मानलंच पाहिजे. मुलांच्या चुकीच्या उत्तरांवर नुसती फुली न मारता त्यामागचा विचार शोधायला त्यांनीच शिकवलं. ती शिस्त मी प्रश्नकर्त्यालाही लावू पाहतो. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला तेच केलं. आदिवासी मुलं शाळेत टिकत नव्हती. ही मुलं शिकण्याजोगी नाहीत, असा शिक्का मारणं सोपं होतं. त्यांनी आपल्या शाळेतच दोष शोधला: बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली.