दख्खनच्या ताजाची कीर्ति

सुटीच्या दिवसांत आमच्या परिचयाचीं बहुतेक कुटुंबें वेरूळ-अजिंठ्याच्या निमित्तानें छत्रपती संभाजीनगरास जातात आणि जातां जातां बीबी का मकबरा पाहून येतात. परत आल्यावर मकबऱ्याविषयीं विचारावें, तर उत्तर ठरलेलें असतें: "ठीक आहे, पण ताजमहालाची सर नाहीं." हें उत्तर आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, तें मकबरा न पाहतांहि देतां आलें असतें, अशी आम्हांस शंका येऊं लागली आहे. त्याच मंडळींस पुढचा प्रश्न करावा, "मागच्या डोंगरांतलीं लेणीं पाहिलींत काय?" तर उलट आम्हांसच विचारण्यांत येतें, "कोणतीं लेणीं? वेरूळचीं का?" आमची तक्रार आहे ती ह्या दुसऱ्या उत्तराविषयीं.

तत्पूर्वीं मकबऱ्यास न्याय देऊं. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ सालीं वारली, आणि तिच्या कबरीवर ही वास्तु १६६० च्या सुमारास उभी राहिली. ताजमहालाच्या रचनेशीं ज्याचें नांव जोडलें जातें, त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा अताउल्ला हा हिचा रचनाकार. हंसपतराय हा त्याचा सहकारी. खर्चाचा आंकडा ६,६८,२०३ रुपये असा एका जुन्या तवारिखेंत दिलेला आहे. ताजमहालाचा हिशोब कोटींत होतो, हें सांगावयास नकोच. पैसा बेताचा, म्हणून संगमरवर भिंतींच्या खालच्या पट्ट्यास व वर घुमटास. मधल्या भागांत आपल्या इकडचाच काळा दगड आणि त्यावर गिलावा. पण हा गिलावा कोणी थांबून पाहतो काय? त्यांतील वेलपत्ती, महाद्वारावरील पितळी पत्र्याचें काम, कबरीभोंवतींची अष्टकोनी जाळी, ह्या गोष्टींसाठीं एखादा तास खुशाल द्यावा. आमची मंडळी वरच्या सज्जांतून खालीं कबरीकडे डोकावतात, एखादें नाणें टाकतात, घुमट पाठीशीं घेऊन छायाचित्र काढवितात आणि "सर नाहीं" म्हणून बाहेर पडतात. ज्यानें कोणीं ह्या इमारतीस "दख्खनचा ताज" हें नांव दिलें, त्यानें तिचें कायमचें नुकसान केलें. धाकट्या भावास जन्मभर थोरल्याच्या नांवानें हांका मारावी आणि पुन्हां तो थोरल्यासारखा नाहीं म्हणून नाक मुरडावें, तशांतला हा प्रकार आहे.

आतां लेण्यांकडे वळूं. मकबऱ्यापासून डोंगराच्या बाजूस अवघ्या दोन-तीन किलोमीटरांवर तीं आहेत. थोड्या पायऱ्या चढाव्या लागतात, एवढीच काय ती अडचण. लेणीं बारा. त्यांतील चवथें, म्हणजे चैत्यगृह, सर्वांत जुनें. बाकीचीं बहुतेक पांचव्या ते सातव्या शतकांतील. सगळ्यांचें वर्णन करण्याचा आमचा बेत नाहीं. वाचकांस दोनच ठिकाणीं थांबवितों.

तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यांत पाय खालीं सोडून बसलेली बुद्धाची भव्य मूर्ति आहे. अशा मूर्ति इतरत्रहि पाहावयास मिळतात. नवल आहे तें मूर्तीच्या समोर. डोळे अंधारास सरावले म्हणजे दिसूं लागतें कीं, दोन्ही बाजूंच्या भिंतींलगत माणसाएवढे स्त्रीपुरुष गुडघे टेकून बसले आहेत. कोणाचे हात जोडलेले, कोणाच्या हातांत माळ. हे देव नव्हेत, यक्ष नव्हेत. हीं तुमच्याआमच्यासारखीं माणसें आहेत. एकाची केशरचना दुसऱ्यासारखी नाहीं, एकीचे अलंकार दुसरीचे नाहींत, आणि चेहरे तर ओळखीचे वाटावे इतके निरनिराळे. राजांच्या प्रतिमा आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु पूजेस आलेल्या साध्या भक्तांस देवासमोर कायमची जागा देणारा शिल्पकार विरळा. आपण आंत पाऊल टाकतों तेव्हां पाहुणे म्हणून टाकतों, पण क्षणभरांत त्याच मेळाव्यांत उशिरां येऊन पोंचलेले आणखी एक होऊन बसतों. वेरूळास आम्ही अनेकदां गेलों आहों. तेथील कैलास पाहून मनुष्य थक्क होतो. पण ह्या बैठ्या मंडळींनीं आम्हांस जसें गप्प केलें, तसें तेथें आम्हांस कोणीं केलें नाहीं.

दुसरें ठिकाण म्हणजे सातवें लेणें. त्याच्या ओसरींत उभा असलेला अवलोकितेश्वर पाहावा. त्याच्या दोहों बाजूंस लहान लहान देखावे आहेत: आग, शत्रूची तरवार, बेड्या, बुडतें गलबत, सिंह, सर्प, पिसाळलेला हत्ती, आणि शेवटीं आईजवळून मूल ओढून नेणारा मृत्यु. घर सोडून दूर निघालेल्या माणसाच्या मनांतील भीतींची ही सबंध यादी आहे, आणि प्रत्येक देखाव्यांत तो त्याच एका रक्षकाचा धांवा करतो आहे. आंत गाभाऱ्याच्या भिंतीवर एक नर्तकी आहे, भोंवतीं सहा वाजविणाऱ्या स्त्रिया. तिच्याविषयीं आम्ही अधिक लिहीत नाहीं. तिला पाहिलेंच पाहिजे.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही गेलों तेव्हां दोन तासांत आमच्याखेरीज तेथें कोणी आलें नाहीं. राखणदारानें आपुलकीनें विचारलें, "मकबरा झाला का बघून?" जणूं आमचा रस्ता चुकला असावा. पायऱ्यांवरून खालीं पाहतां मकबऱ्याचा पांढरा घुमट उन्हांत दिसत होता, आणि त्याच्या फाटकाशीं मोटारींची दाटी असेल हें न पाहतांहि कळत होतें.

कोणी म्हणेल, मुलांस नांवाजलेली वास्तु आधीं दाखविली पाहिजे. हीं आडबाजूचीं लेणीं पंडितांनीं पाहावीं. आम्हांस हें मुळींच मान्य नाहीं. गुडघे टेकून बसलेला मनुष्य कळावयास पांडित्य लागत नाहीं; शाळकरी मुलाला तो आधीं कळतो. खरी गोष्ट अशी कीं, आपण मुलांस वास्तु दाखवीत नसून नांवें दाखवितों, आणि त्यांच्या वह्यांत नांवांपुढें खुणा करवितों. ह्याचें फळ मुलांपुरतें राहत नाहीं. जेथें पाहणारा नाहीं तेथें चांगली वाट मागणारा नसतो, भिंतीवर नांव कोरणाऱ्याचा हात धरणाराहि नसतो, आणि शिल्पाचें नाक तुटलें तर तें कालपर्यंत शाबूत होतें हें सांगणारा कोणी उरत नाहीं.

आमच्या म्हणण्याचा कोणी धर्माशीं संबंध जोडूं नये. ह्याच शहरांत मलिक अंबराच्या नहरेची तीच गत आहे. ज्यानें १६१० सालीं खडकी वसविली आणि जमिनीखालून नळ नेऊन तिला पाणी पाजलें, त्या पुरुषाची ही करामत. पण तिच्यासाठीं कोणाची गाडी थांबत नाहीं. खुलताबादेस त्याची कबर आहे, तीहि वेरूळच्या गडबडींत राहून जाते.

आमची सूचना साधी आहे. पुढच्या खेपेस सकाळीं आधीं लेण्यांवर जावें, बरोबर एक बरासा दिवा घ्यावा, आणि तिसऱ्या लेण्यांत मुलांस अर्धा तास बसूं द्यावें. मकबरा संध्याकाळीं पाहावा. तोंवर आग्र्याची आठवण जरा पुसट झालेली असेल, आणि त्या बिचाऱ्या गिलाव्याकडेहि कदाचित् कोणाचें लक्ष जाईल.