थंडीतला एक दिवस लेण्यांच्या वाटेवर



थंडीचे दिवस म्हणजे आपल्या समाजाच्या घराबाहेर पडण्याचे दिवस. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन, १ जानेवारीला भीमा कोरेगाव. लेकरे कडेवर घेऊन, भाकरी फडक्यात बांधून आपली माणसे मैलोन् मैल जातात. हे जाणे कर्तव्याचे आहे आणि ते झालेच पाहिजे. पण निव्वळ आनंदासाठी, डोंगर पाहावा, कोवळे ऊन अंगावर घ्यावे, दोन फोटो काढावेत म्हणून सहकुटुंब बाहेर पडणारी घरे आपल्या वस्तीत किती? मोजायला एका हाताची बोटे पुरतील.

विचारले तर उत्तर ठरलेले असते. "आठवडाभर पाय तुटेपर्यंत राबायचे आणि सुट्टीलाही पुन्हा चालायचे?" हे उत्तर खोटे नाही. ज्याचे पोट अंगमेहनतीवर आहे, त्याला चालणे म्हणजे मजुरीच वाटणार. शिवाय डोंगर चढणे, फोटो काढणे हे पैसेवाल्यांचे छंद, अशी समजूत आपणच करून घेतली आहे.

परंतु ही सुट्टी आपल्याला मिळाली कशी, याचा विचार करा. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कारखान्यातील कामगाराला भरपगारी सुट्टी मिळावी, आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर यावे, यासाठीची विधेयके त्यांनी मांडली. फुरसत असल्याशिवाय माणसाला सुसंस्कृत जीवन जगता येत नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते. ती फुरसत आपण टीव्हीसमोर झोपून घालवायची, की लेकराबाळांसह काही पाहण्यात, शिकण्यात घालवायची?

सहलीचीही आपल्याला किंमत मोजावी लागलेली आहे. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह सहलीला निघाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची, असा बेत होता. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचा महिना होता आणि त्या साली रमजान थंडीतच आला होता. प्रवासाची धूळ धुवावी म्हणून मंडळींनी दाराजवळच्या हौदाच्या पाण्याने हातपाय, तोंड धुतले. तेवढ्यावरून "पाणी बाटवले" म्हणून लोक अंगावर धावून आले. शेवटी किल्ल्यात सोडले ते आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारी शिपाई देऊन. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. आज आपल्याला कोणी अडवत नाही. मग आपणच घरात का बसावे?

थंडीची मजा म्हटली की बर्फ डोळ्यापुढे येतो. काश्मीरचे गुलमर्ग, उत्तराखंडचे औली येथे पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा खेळ चालतो. त्याला स्कीइंग म्हणतात. खेळ खर्चाचा आहे. पण बर्फ काही कोणाच्या मालकीचा नाही. तेलुगू मुलखातील समाजकल्याण निवासी शाळांत शिकणारी मालावथ पूर्णा ही १३ वर्षांची आदिवासी मुलगी आणि साधनपल्ली आनंदकुमार हा दलित मुलगा, हे दोघे दार्जिलिंग आणि लडाख येथे प्रशिक्षण घेऊन २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. आपल्या मुलांनाही डोंगराची ओढ लागू शकते. सुरुवात मात्र जवळच्या डोंगरापासून करावी लागते.

आपल्याकडे बर्फ नाही, पण सह्याद्री आहे, आणि थंडीत तो चालण्यासाठी उत्तम. पावसाचा निसरडेपणा गेलेला असतो, गवत सोनेरी झालेले असते, ऊन सोसवते. बौद्ध परंपरेतही हा चालण्याचाच काळ. भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी वर्षावास करीत आणि पाऊस सरला की चारिकेला निघत. तथागतांनी ४५ वर्षे पायी फिरूनच धम्म सांगितला.

पुण्या-मुंबईकडच्या कुटुंबांनी सुरुवात भाज्याच्या लेण्यांपासून करावी. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्टेशनला उतरायचे. मुंबईहून येणाऱ्यांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल पकडावी. स्टेशनपासून भाजे गाव पायी अर्ध्या तासाच्या आत येते. गावातून पायऱ्यांची वाट लेण्यांपर्यंत जाते. म्हातारी माणसेही थांबत थांबत चढू शकतात. ज्यांचे गुडघे चांगले आहेत, त्यांनी लेणी पाहून गायमुख खिंडीच्या वाटेने लोहगडावर जावे. जायलाच दीड-दोन तास लागतात, तेव्हा लहान मुले असतील तर तो बेत पुढच्या खेपेला ठेवा.

भाज्याचा चैत्य दोन हजार वर्षांहून जुना आहे. त्याचे खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत भार पेलण्यासाठी खांब तसे कलते ठेवीत, तीच पद्धत कारागिरांनी दगडातही ठेवली. थोडे पुढे चौदा स्तूपांचा समूह आहे. ते थेरांचे स्मारकस्तूप आहेत, काहींवर त्यांची नावे कोरलेली आहेत. तेथे आवाज न करता पाच मिनिटे बसावे.

मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा. ही लेणी केवळ राजे आणि सावकारांच्या दानातून झालेली नाहीत. भाजे येथील एका लेखात नांगर धरणाऱ्याच्या बायकोचे, बाधा नावाच्या स्त्रीचे दान नोंदलेले आहे. जवळच कार्ल्याच्या भव्य चैत्याचा दरवाजा धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने केला. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी, म्हणजे संघटना, आहेत. कान्हेरीला तर कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिल्याची नोंद आहे. लोहाराने कमाईतून वाट बांधावी आणि तिच्यावरून आपण चालत जावे! राबणाऱ्या हातांनी ही लेणी उभी केली. तेथे जाताना आपण पाहुणे नसतो.

आता फोटोंविषयी. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, घरातला मोबाईल पुरतो. भिंग आधी स्वच्छ सुती कपड्याने पुसा. थंडीत सूर्य खाली असतो, त्याची तिरपी किरणे दगडावर पडली की कोरीवकाम उठून दिसते; भर दुपारी ते सपाट दिसते. भाजे आणि कार्ले येथील लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, म्हणून तेथे दुपारनंतरचे ऊन चांगले. कामशेतजवळची बेडसे लेणी पूर्वाभिमुख, तेथे सकाळी जावे. चैत्याच्या आत अंधार असतो, तेव्हा खांबाच्या बाजूला उभे राहून कोपर भिंतीऐवजी स्वतःच्या छातीशी टेकवा, श्वास क्षणभर रोखा आणि मग बटण दाबा. डोंगराचा फोटो घेताना वाटेवर चालणारे घरातले माणूस चौकटीत येऊ द्या, म्हणजे डोंगर केवढा आहे ते कळते. नुसते स्वतःचेच चेहरे टिपू नका. एक शिलालेख जरूर टिपा, घरी आल्यावर मुलांना त्यातील धम्मलिपीची अक्षरे शोधायला लावा.

स्तूपावर चढून फोटो काढू नये, अक्षरांना खडू किंवा पाणी लावू नये, भिंतीवर नाव कोरू नये. परकी माणसे असे करतात तेव्हा आपल्याला राग येतो, मग आपल्या मुलांनाही आपणच आवरले पाहिजे. लेण्यांत मधमाश्यांची पोळी असतात. तेथे धूर, फटाके, आरडाओरडा नको.

खर्च रेल्वेच्या तिकिटाचा आणि मोठ्या माणसांच्या प्रवेश-तिकिटाचा. १५ वर्षांखालील मुलांना लेण्यांत तिकीट नाही. दुपारी लोकलच्या वेळांत मोठे अंतर पडते, म्हणून परतीची गाडी आधी पाहून ठेवा. चपलांऐवजी शाळेचे कॅनव्हासचे बूट चालतील. थंडीत तहान कमी लागते, तरी माणशी दीड-दोन लिटर पाणी न्याच. दम्याच्या माणसाने औषध खिशात ठेवावे आणि सकाळी नाकावर रुमाल बांधावा.

आणि एक सांगणे पुरुष मंडळींना. सहलीच्या दिवशी घरातल्या बाईने पहाटे चारला उठून चाळीस चपात्या लाटायच्या, डबे भरायचे, परत आल्यावर भांडी घासायची, तर ती सहल तिची नव्हे. आदल्या रात्री सर्वांनी मिळून तयारी करा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, पेरू एवढे पुष्कळ झाले. तिलाही एक दिवस डोंगराकडे निवांत पाहत बसू द्या. मोबाईलही तिच्या हातात द्या, तिला काय टिपावेसे वाटते ते कळेल.

परतताना वेळ उरला तर पुण्याकडे जाणाऱ्यांनी देहूरोडला उतरावे. याच लोहमार्गावर असलेल्या तेथील विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. वंदना करून घरी जावे.

मंडळांनी आणि महिला मंडळांनी या थंडीत प्रत्येक वस्तीतून निदान एक सहल काढावी. ज्या घरात एकट्याच्या कमाईवर पाच माणसे खातात, त्या घराचे तिकीट शेजाऱ्यांनी मिळून काढावे. दानाची ही रीत लेण्यांच्या भिंतीवर दोन हजार वर्षांपासून कोरलेली आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!