माळ कशात ओवलीय, तेही विचारा!

मैत्रिणींनो, बचत गटांच्या प्रदर्शनात हल्ली एक स्टॉल हमखास दिसतो. मातीच्या, लाकडाच्या, बियांच्या माळा छान मांडून ठेवलेल्या असतात आणि वर पाटी असते, ‘इको-फ्रेंडली दागिने’. छत्रपती संभाजीनगरातल्या अशाच एका स्टॉलवर मी एक माळ उचलली. मणी मातीचे, पण दोरा? चक्क नायलॉनचा! विचारलं तर विक्रेती प्रांजळपणे म्हणाली, “ताई, दोऱ्याकडे कोण बघतं? तुटला की मात्र गिऱ्हाईक भांडायला येतं.”

तिचं तरी काय चुकलं? पण आता दोऱ्याकडेही बघावं लागणार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी पर्यावरणाच्या नावाखाली होणारी दिशाभूल रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असे मोघम शब्द जाहिरातीत वापरायचे, तर नेमकं काय पर्यावरणपूरक आहे हे सांगायला हवं आणि त्याचा पुरावाही हवा. हे मोठ्या कंपन्यांपुरतंच असेल, असं समजू नका. वस्तू बनवणारे आणि विकणारे, दोघेही यात येतात.

नायलॉनची ओळख आपल्याला संक्रांतीला होतेच. पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापणाऱ्या नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी देशभर बंदी घातली. दागिन्यांच्या दोऱ्यावर अशी बंदी नाही आणि त्याने कुणाला इजाही होत नाही. पण दोघांचं कूळ एकच! खनिज तेलापासून बनलेला हा धागा मातीत कुजत नाही. माळ ओवताना कापून टाकलेली टोकंसुद्धा वर्षानुवर्षं तशीच राहतात.

मग नायलॉन आपल्या गळ्यात आलं कसं? खरं सांगायचं तर भीतीपोटी. मंगळसूत्र तुटलं, असं आपण तोंडानेसुद्धा म्हणत नाही, ‘वाढलं’ म्हणतो. तुटणं नकोच, म्हणून न तुटणारा दोरा आला. आपल्या आजीकडे मात्र या भीतीवर दुसरा उपाय होता, तो म्हणजे पटवेकरी. सराफ्याजवळ बसणारा हा कारागीर सुती किंवा रेशमी दोऱ्यात पोत, मोत्याचा सर, बोरमाळ गाठवून द्यायचा. ‘गंठण’ या शब्दातच गाठ आहे, बघा. दोन मोत्यांमध्ये गाठ असली, की दोरा तुटला तरी सगळे मोती घरभर पळत नाहीत. दोरा मळला, झिजला, की माळ पुन्हा गाठवायची. म्हणजे दोरा कधी ना कधी जाणार, हे धरूनच दागिना बनवलेला असे.

आज पर्याय काय? कापूस तर मराठवाड्याच्या शेतातच पिकतो. जालन्यात २०१८ मध्ये रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि पैठणीमुळे रेशमाशी आपलं जुनं नातं आहेच. जाड, गावरान घाटाच्या माळांना ताग किंवा अंबाडीची दोरीही शोभते. अर्थात कापूसही धुतल्या तांदळासारखा नाही, त्यावर फवारण्या होतात. रेशमासाठी बहुधा कोषातला जीव मारला जातो, त्यामुळे काहीजणींना ते चालत नाही. पण हे धागे शेवटी मातीत मिसळतात, हा फरक मोठा आहे.

मात्र नावावर जाऊ नका. ‘सिल्क धागा’ म्हणून मिळणारा दोरा पुष्कळदा पॉलिस्टर असतो. मेण लावलेल्या चकचकीत दोरीच्या आतही पॉलिस्टर असू शकतं. ताणला जाणारा इलॅस्टिकचा दोराही त्यातलाच. घरी एक परीक्षा करा. शेजारी पाण्याची वाटी ठेवून दोऱ्याचा तुकडा चिमट्यात धरा आणि पेटवा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होते. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. नायलॉन, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. व्हिस्कोस सुतासारखंच जळतं, तेव्हा रेशीम ओळखताना वासावरच भर द्या.

सुती दोऱ्याच्या मर्यादाही आहेत. पाणी आणि घाम त्याला सोसत नाही. काचेच्या, धातूच्या मण्यांच्या धारदार छिद्रांनी तो कापला जातो. म्हणून दोरा दुहेरी घ्या, त्याला मधमाशीचं मेण चोळा, मण्यांमध्ये गाठी मारा. फारच जड माळ असेल आणि नायलॉनच वापरावं लागलं, तर तसं सरळ सांगा. त्यात कमीपणा कसला?

दागिने विकणाऱ्या मैत्रिणींनो, त्या मोठ्या पाटीऐवजी छोटी चिठ्ठी लावा, ‘मणी मातीचे, दोरा सुती. पाण्यात भिजवू नये. दोरा झिजल्यास पुन्हा ओवून मिळेल.’ तुटली म्हणून भांडायला येणारी बाई मग माळ ओवून घ्यायला येईल आणि जाताना दुसरी घेऊनही जाईल. आणि घेणाऱ्या मैत्रिणींनो, माळ हातात घेतली की मण्यांच्या रंगासोबत दोऱ्याचीही चौकशी करा. आपण विचारत नाही, तोवर कोण कशाला सांगेल?