फॉरमॅट मारू नका, आधी वाचा!

परवा पोलादपूरला लग्नात आमच्या एका इंजिनीअर पाहुण्यांनी ऐकवलं, "गुरुजी, मराठी माध्यमातल्या पोरांना प्रोग्रामिंग झेपत नाही. एरर इंग्रजीत येते ना!" लग्नघरी वाद नको म्हणून गप्प बसलो. आता लिहितो. पाहुणे हे वाचतीलच, वाचू देत.

२०२१ च्या पुरात आमचा महाडचा संगणक गेला. त्यानंतर भाच्याने दिलेल्या जुन्या मशीनवर लिनक्स आहे आणि त्यावर नातू सी शिकतो. गेल्या महिन्यात त्याने एक नवं टूल उतरवलं आणि पाथ या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये त्याच्या फोल्डरचा पत्ता घातला. झालं! जीसीसी सापडेना, साधं एलएस सापडेना. जिकडेतिकडे 'कमांड नॉट फाउंड'. याच पाहुण्यांना फोन केला. सल्ला काय? "फॉरमॅट मारा!"

अहो, पाथ म्हणजे पोस्टमनच्या हातातली वाड्यांची यादी. नाव दिलं की तो वाड्या ओळीने धुंडाळतो आणि माणूस सापडला की थांबतो. नातवाने नवी वाडी लिहिताना जुनी यादीच खोडली होती. नव्या पत्त्यापुढे कोलन देऊन डॉलर चिन्हासह जुना पाथ जोडायचा राहिला होता, एवढंच. टर्मिनलची खिडकी बंद करून नवी उघडली आणि जुनी यादी परत आली, कारण एक्सपोर्ट त्या खिडकीपुरतंच असतं. कायम हवं तर दुरुस्त ओळ बॅशआरसी फाइलमध्ये लिहायची. दहा मिनिटांचं काम. फॉरमॅट मारलं असतं तर घरचे फोटो गेले असते.

कम्पायलरचंही तेच. तो बिचारा फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि कारण सांगतो. एका चुकीपायी वीस एरर येऊ शकतात. घाबरायचं नाही, पहिली दुरुस्त करून पुन्हा कम्पाइल करायचं. महिरपी कंस मध्येच राहिला तर तक्रार फाइलच्या शेवटच्या ओळीवर येते, म्हणून तिथून वर वाचत जायचं.

राहता राहिलं इंग्रजी. सीच्या १९८९ च्या प्रमाण आवृत्तीत राखीव शब्द अवघे ३२. एररमधले नेहमीचे शब्द वहीच्या एका पानावर मावतात, नातवाने अर्थासकट लिहून भिंतीला लावलेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली आणलेल्या या जीसीसीचे संदेश जर्मन, जपानी, व्हिएतनामी भाषांत झाले, मराठीत नाहीत. त्याचा दोष पोरांचा नाही. मराठीचे झेंडे नाचवणाऱ्या आपण मोठ्यांचा आहे.

जन्मभर लाल शाईने वह्या तपासल्या. खूण बघून वही फाडणारी पोरं मी पाहिली, खूण वाचून पुन्हा लिहिणारीही पाहिली. पहिल्या जातीत इंग्रजी माध्यमवालेही असतात, पाहुणे!