कठड्यावरचा मुलगा
यंदाही आमच्या गिरगावातल्या सोसायटीने दिवाळीच्या रोषणाईचं काम बाहेर दिलं. माळा लोहार चाळीतून आल्या. लावायला आलेला विशीतला मुलगा चौथ्या मजल्याच्या कठड्यावर अनवाणी उभा. कमरेला पट्टा नाही, दोर नाही. खाली आम्ही बायका म्हणत होतो, दिवे दहाला बंद करा, रात्रभर किडे मरतात. बरोबरच आहे ते. महावीरस्वामींच्या निर्वाणरात्री 18 गणराजांनी दिवे लावले, असं कल्पसूत्रात आहे. त्या दिव्यांपायी जीव जायला नको. मग वरचा जीव? पट्ट्याचे पैसे वर्गणीतून द्या, नाहीतर माळा पहिल्या मजल्यापर्यंतच लावा, असं मी सेक्रेटरींना सांगितलंय. शोभा जाईल म्हणे. जाऊ दे.