उसवले तरी लोकर लोकरच

दर दिवाळीला या पानावर आपली भेट होते. गेल्या वर्षी मी चकल्या का बिघडतात यावर दोन पाने लिहिली आणि नंतर आमच्याच घरच्या चकल्या बिघडल्या, हे फराळाला आलेल्या मंडळींना ठाऊक आहेच. म्हणून यंदा शहाणपण सांगायचे नाही असे ठरवले आहे. नुसता वर्षाचा जमाखर्च मांडते. मजकूर द्यायला उशीर झाला, नवरात्र बसले तरी कागद कोरा होता. त्याचे कारणही या जमाखर्चातच आहे.

खर्चाची बाजू आधी. गेल्या दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडली, आणि आमचे धाकटे चिरंजीव शाळेत गेले नाहीत. वय वर्षे नऊ, इयत्ता चौथी. सोमवार उजाडला की त्याच्या पोटात दुखे. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, जंताचे औषध झाले, सासूबाईंचा हिंगाचा लेप झाला. शनिवारी-रविवारी पोट ठणठणीत. पोटाला वार कळतात हे मला तेव्हा नव्याने समजले.

एके रात्री त्याचे दप्तर उघडून वह्या चाळल्या. आधीची पाने लाल शाईने भरलेली होती आणि नंतरची चक्क कोरी. "अरे, काहीच का लिहिलं नाहीस?" तर म्हणाला, "लिहिलं की चुकतं. नाही लिहिलं तर काय चुकणार?" नऊ वर्षांच्या मुलाने काढलेला हा तोडगा ऐकून मला त्या रात्री झोप आली नाही. शाळेचे नाव सांगत नाही, दोष एकट्या शाळेचा नव्हताच. एका बाईंपुढे पन्नास मुले, आणि आम्हीही घरी 'किती मार्क?' याखेरीज दुसरे काय विचारीत होतो?

मुलाला काही दिवस घरीच शिकवावे, असे मी म्हटले मात्र, घरात गोलमेज परिषद भरली. ह्यांनी आधी खर्च विचारला, मग "लोक काय म्हणतील" ते विचारले, आणि शेवटी "तुला जमेल का?" असे विचारले. मी सकाळी तीन तास घरूनच एका ऑफिसचे हिशेब लिहिते, ते सांभाळून जमवीन म्हटले. नववीतली कन्या म्हणाली, "मग मलाही काढ ना!" सासूबाई मात्र उठून आत गेल्या. रात्री जेवण झाल्यावर एवढेच म्हणाल्या, "चौतीस वर्षं मी दारोदार फिरून दुसऱ्यांची मुलं हाताला धरून शाळेत आणली. आणि आता माझाच नातू घरी बसणार."

त्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. पुढले आठ दिवस त्या माझ्याशी "चहा ठेवलाय" याच्यापलीकडे बोलल्या नाहीत.

शेजारीपाजारी मात्र भरपूर बोलले. "नापास झाला का हो?" इथपासून "हे परदेशातलं खूळ" इथपर्यंत. 2020 च्या मार्चात सगळ्याच शाळा बंद झाल्या आणि घरोघरी स्वयंपाकघराच्या ओट्याशी वर्ग भरले, हे लोक इतक्या लवकर विसरले! आणि खूळ म्हणाल तर ते याच पुण्यातले आहे. जोतीरावांनी सावित्रीबाईंना लिहावाचायला शिकवले ते घरीच. त्यानंतर 1848 साली भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली. 1873 साली न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात अकरा वर्षांच्या रमाबाई लग्न होऊन आल्या, त्यांचेही शिक्षण घरातच झाले, तेही वडीलधाऱ्या बायकांचा रोष आणि टोमणे सोसून. हे सारे त्यांनी स्वतःच 1910 साली निघालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. पुढे याच रमाबाई पुण्याच्या सेवासदनाच्या अध्यक्ष झाल्या. मी हे सारे एका दमात शेजारच्या काकूंना ऐकवले. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, पण त्या बायकांना शाळाच नव्हत्या. तुमच्या मुलाला आहे की!" पुण्यात वाद घालताना समोरचाही पुणेकरच असतो, हे माणसाने विसरू नये.

ज्या मैत्रिणींच्या मनात असाच विचार घोळत असेल त्यांच्यासाठी थोडी कामाची माहिती. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला पुन्हा जायचे असेल तर त्याच्या वयाला साजेशा वर्गात घ्यावे, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे परतीची वाट बंद होत नाही. दहावीची परीक्षा बाहेरून द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म आपल्याकडे जुनाच. शिवाय राष्ट्रीय मुक्त विद्यालय 1989 पासून आहे, त्याची दहावी वयाची चौदा वर्षे पुरी झाली की देता येते. पुस्तके बालभारतीचीच आणली, अप्पा बळवंत चौकात जाऊन. तिथल्या दुकानदाराने "कुठली शाळा?" विचारले तेव्हा चिरंजीवांनी "सदाशिव पेठ, दुसरा मजला" असे सांगितले.

आता माझी फजिती सांगते. पहिल्याच दिवशी मी वेळापत्रक करून फ्रीजवर चिकटवले. साडेनऊला गणित, सव्वादहाला मराठी, अकराला परिसर अभ्यास. चार दिवसांत माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जाऊ लागला. एक दिवस सात आठे छप्पन्न चार वेळा चुकले आणि मी हातातले पेन त्याच्या वहीवर असे काही ओढले की कागद फाटला. पेनाकडे पाहिले तर लाल! स्टेशनरीच्या दुकानातून मी स्वतःच ते विकत आणले होते. मुलगा काही बोलला नाही. त्याने नुसती वही मिटली.

सासूबाई आतून हे पाहत असाव्यात. त्या बाहेर आल्या, हातात विणकामाची पिशवी. नातवाला म्हणाल्या, "सोन्या, हात पुढे कर. ही लड धर जरा." त्याच्या दोन्ही मनगटांवर निळ्या लोकरीची लड अडकवली आणि त्या समोर बसून गुंडा करू लागल्या. मला म्हणाल्या, "तू जा, तुझे हिशेब लिही." आठ दिवसांनंतरचे ते पहिले वाक्य. मी मुकाट्याने गेले.

त्या दिवसापासून आमच्या घरच्या शाळेत एक जादा शिक्षिका रुजू झाल्या, आणि लौकरच हेडमास्तरीणबाई झाल्या. त्यांनी नातवाला सांगितले, "तुझा स्वेटर तूच विणायचा. मी नुसतं बसणार." मुलग्याने विणायचे म्हटल्यावर ह्यांनी भुवया उंचावल्या, तर त्या म्हणाल्या, "दोन हात आहेत ना त्याला? मग झालं."

आणि गणित आपोआप सुरू झाले. दहा नंबरच्या सुयांवर छोटा नमुना विणून पाहिला, इंचाला सहा टाके आले. छाती अठ्ठावीस इंच, सैलपणा दोन इंच, म्हणजे घेर तीस. पुढचा भाग पंधरा इंच. पंधरा सक नव्वद टाके. आता खालची बॉर्डर दोन सुलट, दोन उलट. दोन्ही कडांना सुलट टाके यायला हवेत, तर नव्वद बरोबर बसतात का? चिरंजीवांनी सुईवर बोट फिरवत मोजले आणि ओरडले, "चार बावीसे अठ्ठ्याऐंशी आणि वर दोन! बसतात!" जो मुलगा पाढ्यांच्या नावाने पोट धरून बसे, त्याने बावीसचा हिशेब कुणी न विचारता सांगितला. सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते, हे उलटे गणितही त्याला आवडले.

सासूबाईंना यात काही नवल वाटले नाही. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाच विचार मांडला होता, हाताच्या उद्योगातून लिहिणे-वाचणे-मोजणे शिकवावे. त्यालाच पुढे नई तालीम म्हणू लागले. "तिथे टकळी होती, इथे सुया," त्या म्हणाल्या, "मूल तेच."

खरी परीक्षा आली ती संक्रांतीच्या सुमारास. चार इंच विणून झाल्यावर खाली कुठेतरी टाका निसटलेला दिसला. चिरंजीवांचा चेहरा पांढरा पडला, सुया खाली ठेवल्या आणि पोट धरले. तीच ती जुनी खूण! मी धावले, तर सासूबाईंनी मला हातानेच थांबवले. त्या म्हणाल्या, "एकच टाका असता तर क्रोशाच्या सुईनं वर ओढून घेतला असता. इथं शेजारचेही सुटलेत, तेव्हा उसवू या." आणि सरळ सुया काढून धागा ओढला. तो रडायच्या बेतात. त्या ओढतच राहिल्या. मग तो ढीग त्याच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "बघ, कमी झाली का? उसवलं तरी लोकर लोकरच राहते. फुकट काही जात नाही." त्याने खरोखरच ढीग हाताने चाचपून पाहिला. मग विचारले, "तू किती वेळा उसवलंयस?" "माझा हिशेब विचारू नकोस, मोजायला तुला कोटी शिकावे लागतील."

दुसऱ्या दिवशी त्याने वहीचे कोरे पान उघडले आणि शनिवारवाड्यावर आठ ओळी लिहिल्या. आदल्या आठवड्यात आम्ही तो पाहून आलो होतो. 1730 ला पाया, 1732 ला वास्तुशांत, आजवर वर्षे किती हे त्याने तिथेच पायरीवर बसून काढले होते. आठ ओळींत पाच चुका होत्या. मी लाल पेन केव्हाच मोलकरणीच्या मुलीला देऊन टाकले होते, म्हणून नुसते वाचले. उन्हाळ्यात केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे पाहिले, कात्रजहून पेशव्यांनी शहरात पाणी कसे आणले ते उताराच्या चित्रावरून समजावून घेतले. सोमवारचे पोटदुखणे कधी थांबले ते आम्हालाच कळले नाही.

इथवर सारे जमेचे. श्रावणात मात्र एका सकाळी सासूबाईंच्या हातून चहाचा कप पडला. उजवा हात उचलेना, शब्द अडखळू लागले. वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून निभावले. नऊ दिवसांनी घरी आल्या. बोलणे सुधारले, पण हाताला जोर नव्हता. व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी बाजूला सारला. स्वेटरची पाठ-पोट झाली होती, बाह्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पिशवी वर माळ्यावर टाका. आता माझ्याच्यानं होणार नाही."

चिरंजीवांनी पिशवी माळ्यावर टाकली नाही. त्यांनी चार नंबरच्या जाड सुया शोधल्या, त्यावर दहा टाके घातले आणि आजीच्या हातात दिले. पहिल्या ओळीला सहा टाके गळले. त्यांनी तोंड फिरवले. तो म्हणाला, "आजी, उसवू या. लोकर कुठं जाते?" मी दारात उभी होते, ती स्वयंपाकघरात निघून गेले. त्यानंतर रोज दुपारी चार वाजता त्यांचा वर्ग भरतो. फक्त आता शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी हे पाहून चेंडूचा आग्रह सोडला.

आणि मग नवरात्रात, जिथे मी लिहायला अडले, ती गोष्ट घडली. संध्याकाळी शेजारच्या मैदानावर शाळेची मुले खोखो खेळत होती. चिरंजीव गॅलरीत बराच वेळ उभे होते. आत येऊन म्हणाले, "आई, मी शाळेत जाऊ? त्यांना नऊ जण लागतात. आपल्या घरात नाही होत खोखो."

खरे सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते आनंदाचे नव्हते. वर्षभर सगळ्यांशी भांडले, काम अर्धे केले, झोप घालवली, आणि शेवटी हेच? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. रात्री सासूबाईंनी बोलावले. सावकाश, एकेक शब्द जुळवीत म्हणाल्या, "तो गेला म्हणजे तू हरलीस, असं कोण म्हणालं? चौतीस वर्षं दर जूनला माझी मुलं वरच्या वर्गात जायची. दर वेळी वाटायचं, माझं कुणीतरी नेलं. पण त्यासाठीच तर शिकवायचं असतं ना?"

मग दुसऱ्या दिवशी मी हा मजकूर लिहायला बसले.

पुढल्या जूनमध्ये तो सहावीत जाईल. जवळच्याच एका छोट्या शाळेत आम्ही तिघे जाऊन आलो, बाईंशी बोललो. त्याने बाईंना विचारले, "चुकलं तर खोडता येतं का?" त्या हसून "हो" म्हणाल्या. सोमवारी पुन्हा पोट दुखेल का? दुखलेही. पण परतीची वाट जशी आहे तशी पुन्हा घरी यायचीही आहे, एवढे आता आम्हा सगळ्यांना ठाऊक झाले आहे. चार वाजताचा वर्ग मात्र सुरूच राहायचा आहे, तशी अटच त्याने घातली आहे.

स्वेटर परवा पुरा झाला. डावी बाही चिरंजीवांची, घट्ट आणि नेटकी. उजवी बाही आजीची, ढगळ, मध्ये दोन ठिकाणी टाका सैल सुटलेला. मी म्हटले, "आई, तेवढं उसवून सारखं करू या का?" तर दोघेही एकदम म्हणाले, "नको!"

नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर तो घालून साहेब दारात फटाके उडवायला उभे राहणार आहेत. आपण फराळाला याल तेव्हा पाहालच. चकल्यांची हमी मात्र यंदाही देत नाही.